चहा ओततानाचं हसू

टीव्हीवरचा विनोदवीर फ्रेडी टॉपिंग जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि त्याचे विनोद तर त्याच्याही आधी गेले होते. तरी त्याची ‘टॉपिंगची खानावळ’ ही मालिका दाखवणार म्हटल्यावर त्या शनिवारी दुपारी इंग्लंडातल्या अ‍ॅक्रिंग्टन गावच्या क्लबात बसायला खुर्ची मिळेना. जुन्या मालिकांवर कार्यक्रम करणारी जेमा नावाची तरुणी मँचेस्टरहून कॅमेरा घेऊन आली होती. तिला टॉपिंगशी काही देणंघेणं नव्हतं. तिला ते हसू हवं होतं.

मालिकेच्या एका भागात टॉपिंग पाहुण्यांना चहा ओततो. विनोद नाही, काही नाही, नुसता चहा. तेवढ्यात प्रेक्षकांतली एक बाई अशी काही खिंकाळते की त्याच्या हातातली किटली हिंदकळते. दर नाताळात तो भाग दाखवत, त्यामुळे ते खिंकाळणं घराघरात पाठ होतं.

हसू बेरिलचं होतं. पन्नास वर्षं ती तसं सांगत होती, आणि पन्नास वर्षं तिची भावजय मार्जरी म्हणत होती, ते माझं. गिरणीच्या बसमधून दोघी बेरिलच्या आईबरोबर स्टुडिओत गेल्या होत्या, शेजारी बसल्या होत्या. नणंद-भावजयीचं भांडण म्हणजे गावाला फुकटचा तमाशा.

“हसलीस कशाला मग?” लोक बेरिलला विचारत. “माणूस चहा तर ओतत होता.” इथे बेरिल विषय बदले. परतीच्या बसमध्ये तिने मार्जरीला कारण न सांगण्याचा शब्द दिला होता, आणि तो पाळत होती. मार्जरीचं उत्तर मात्र तयार असे: टॉपिंगचा विग तिरका झाला होता. साहजिकच गावाने बेरिलला खोटारडी ठरवलं. ते तिला फार लागे.

पडद्यावर भाग सुरू झाला. सासूवरचा विनोद झाला, कुणीतरी खोकलं. मग चहा आला आणि ते खिंकाळणं आलं.

“हे कोणाचं?” जेमाने विचारलं. दोन हात वर झाले.

“मग हसून दाखवा.”

मार्जरी हसली. सायकलच्या चाकातली हवा जावी तसा आवाज आला. बेरिलला तर नुसता ठसका लागला. हुकमी हसू येतं कुठे?

“बेरिल, सोड आता,” मागून म्हातारा क्लिफर्ड म्हणाला. “खोटं बोलायलाही कारण लागतं गं, तुझ्याकडे तेही नाही.”

सगळे फिदीफिदी हसले. बेरिलचे डोळे भरून आले. तिने पर्स उचलली. “लिही बाई, मार्जरीचंच आहे ते.”

“बस खाली, येडे,” मार्जरी म्हणाली. तिने तोंडात बोटं घातली, वरची कवळी काढली आणि कॅमेऱ्यासमोर चहाच्या कपात टाकली.

“लग्नात बापाने दिलेली,” ती बोबडं बोलत होती. “धडधाकट दात उपटून कवळी घालायचे तेव्हा, नवऱ्याला पुढे खर्च नको म्हणून. नवी नवी होती, सैल. स्टुडिओत मी टॉफी खात होते. टॉफीसकट कवळी गेली ती पुढे बसलेल्या सासूबाईंच्या टोपीत. मी हळूच काढली, पुसली आणि घातली परत. मरेपर्यंत कळलं नाही त्यांना.” तिने ओठ पुसले. “लोक हसण्याचं कारण विचारायला लागले तेव्हा हिच्या तोंडून निघेल म्हणून घाबरून मीच म्हटलं, मी हसले.”

बेरिलला आईची ती टोपी दिसली, पिसं लावलेली, आणि पिसांत हसणारे दात. तिने तोंडावर हात धरला, पण उपयोग झाला नाही. ती खिंकाळली. बशांवरचे कप थरथरले. क्लिफर्डचा पाइप खाली पडला. ओळखायला कोणालाच वेळ लागला नाही.

“मग नाव कोणाचं लिहू?” जेमाने विचारलं.

“हसले मी,” बेरिल डोळे पुसत म्हणाली. “पण आधी हिचं नाव लिही. हसवलं हिने. त्या टॉपिंगला ते एकदाही जमलं नाही.”