घराची टोपी

ऐलीचे पाय तेवढे शिडीवर दिसत होते. कमरेपासून वरची ऐली छताच्या झडपेतून माळ्यात शिरली होती, आणि खाली जिन्यात उभा राहून तिचा मुलगा डेनिस तिला उतरायला सांगत होता.

"आई, सत्तरी उलटलीय तुझी. उतर आधी."

"थांब रे. धुरांड्याभोवती केवढी फट आहे. अख्खा हात जातोय माझा."

"या घरात फट नाही अशी जागा दाखव मला."

शिडी मी धरली होती. ऐली आणि मी हँकॉक गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाटाण्याचं सूप वाढत उभा जन्म काढला. निवृत्तीनंतरही फरक पडला नाही. ती कामाला हात घालते आणि मी शिडी धरते.

डेनिस मिलवॉकीहून आला होता तो तिला न्यायलाच. त्याचंही चुकत नव्हतं. घर गावच्या तांब्याच्या खाणी चालू होत्या त्या काळातलं, ऐलीच्या आजेसासऱ्यांनी बांधलेलं. नवरा, वायनो, गेल्यापासून ती हिवाळाभर स्वयंपाकघरात खाट टाकून राहायची. वरच्या खोल्या गारठायच्या, म्हणून जिन्याचं दार नोव्हेंबरात बंद व्हायचं ते एप्रिलात उघडायचं. गेल्या थंडीत तिला न्यूमोनिया झाला, तेव्हा डेनिसने आपल्या घराजवळ तिच्यासाठी फ्लॅट बघून ठेवला.

"नाताळला येतो," निघताना तो म्हणाला. "तेव्हाही तू चुलीशेजारी झोपत असलीस तर सामान बांधायचं. वाद नाही."

"नाही घालणार वाद," ऐली म्हणाली.

त्याची गाडी उतारावरून दिसेनाशी झाल्यावर मी म्हटलं, "वायनोनं फटी बुजवू दिल्या नसत्या हं तुला. जुन्या घराला श्वास घेऊ द्यावा, म्हणायचा."

"वायनोला थंडी कधी वाजलीच नाही. मला वाजते."

मग ती कामाला लागली. मी म्हटलं, खिडक्यांपासून सुरुवात कर, त्या खडखडतात. तर म्हणाली, "मिर्टल, अंगात दोन स्वेटर घालून तू डोकं उघडं ठेवशील का? गरम हवा वर पळते. आधी घराला टोपी." वायरमनकडून माळ्यातल्या जुन्या वायरी बदलून घेतल्या. मग रोज सकाळी ती गुडघ्याला फडकी बांधून वर जायची आणि फटी बुजवायची. धुरांड्याभोवती पत्रा ठोकला. भिंती दुहेरी फळ्यांच्या, मधे पोकळ, आणि माळ्याच्या बाजूने वरून उघड्याच होत्या. आजेसासऱ्यांनी त्यात लाकडाचा भुसा भरला होता, पण तो बसत बसत निम्म्यावर आला होता. वरची निम्मी भिंत नुसती पोकळ.

"म्हातारबुवांनी केलं होतं गं बरोबर," ती वरून ओरडली. "नंतर कुणी बघितलंच नाही."

भरणी करायचं यंत्र दुकानातून भाड्याने आणलं. मी ओसरीवर उभी राहून त्यात कागदाच्या भुऱ्याचे गठ्ठे टाकायचे आणि ती वर नळी धरून भिंतींत आणि माळ्यावर तो भुरा फवारायची. वळचणीला तिने पुठ्ठ्याच्या पन्हळी ठोकून वाऱ्याला वाट ठेवली. "वायनोचं अगदीच खोटं नव्हतं," म्हणाली. "श्वास माळ्यानं घ्यायचा. खोल्यांनी नाही."

दुसऱ्या दिवशी वरून कडाड असा आवाज आला. मी यंत्र बंद करून धावले. मधल्या खोलीच्या छतातून ऐलीचा एक पाय मांडीपर्यंत खाली आला होता, राखाडी मोज्यासकट. पलंगावर चुन्याचा ढीग पडला होता.

"ऐली, लागलं का?"

मोज्यातला पाय जरा हलला. मग म्हणाली, "बरगडी दुखतेय. पण तुळईवर पाय ठेवायचा सोडून फळीवर ठेवला, चूक माझीच. डेनिसला फोन करशील तर बघ."

मी फोनपर्यंत गेले होते, खरं सांगते. पण केला नाही. तिला खाली आणलं, पट्टा बांधला, दोघी आठवडाभर कॉफी पीत बसलो. आठव्या दिवशी तिने शिडी मागितली.

नाताळच्या आदल्या दिवशी गावाजवळच्या सरोवरावरून वारा सुटला होता. मी वेलदोड्याचा पाव घेऊन तिच्याकडे बसले असताना डेनिस आला. स्वयंपाकघरात खाट नव्हती. जिन्याचं दार सताड उघडं होतं. तो कोट न काढताच वर गेला आणि भिंतींना हात लावत खोलीखोलीतून फिरला, आम्ही दोघी त्याच्या मागे.

"छपरावरचा बर्फ तसाच कसा?" त्याने विचारलं. "शेजारच्यांचा तर वितळून खाली गोठलाय."

"ऊब वर पोचत नाही आता. इथंच राहते."

"आणि छताला हे ठिगळ?"

"तिथून माझा पाय आला होता."

डेनिस मान वर करून ठिगळाकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "मला हाक मारायची होतीस." मग त्याने कोट काढला. फ्लॅटचं नाव निघालं नाही.

रात्रभर गाडी चालवून तो थकला होता. जेवण झाल्यावर जरा पडतो म्हणून वर गेला. दुपार कलल्यावर ऐली त्याला कॉफीला उठवायला निघाली, मीही मागोमाग गेले. लहानपणी तो याच खोलीत लोकरी टोपी आणि हातमोजे घालून झोपायचा. आता केस पिकलेला डेनिस नुसत्या बनियनवर हातपाय पसरून घोरत होता. पांघरूण त्याने झोपेतच लाथाडलं होतं, ते जमिनीवर पडलं होतं.

ऐली सवयीने ते उचलायला वाकली. मग तशीच सरळ झाली, आणि पांघरूण जिथल्या तिथे राहू दिलं.