डावीकडचा दरवाजा

मित्रांनो, आदिलाबादला गोपालच्या गॅरेजमागे एक चेपलेली पांढरी मोटार उभी आहे ना, ती मी. माझ्या चाकांत हवा नाही. सीटांत उंदरांनी घरं केली आहेत. पण माझ्याबद्दल एक खोटं लिहिलं गेलं होतं, आणि ते पुसायला एका मुलीला काय सोसावं लागलं, ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

मी दूरच्या कारखान्यात जन्मले. बेला गावच्या रामाजींकडे आले तेव्हा नवी नव्हते, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. शेतमजुराचा हा मुलगा शिकून तहसील कचेरीत कारकून झाला होता. त्यांच्या बायकोने, पंचफुलाबाईंनी, माझ्या आरशाला निळी रिबीन बांधली. गल्लीतली पोरं माझ्या काचेत तोंड पाहून केस विंचरायची.

रामाजींनी मला जपून चालवलं. पुढे त्यांची नजर अधू झाली. एकदा बाजारात एक शेळी माझ्या चाकाखाली येता येता वाचली. त्यांनी तिथेच मला थांबवलं आणि शेजारी बसलेल्या मुलीच्या, प्रतिभाच्या, हातात किल्ली दिली.

"आजपासून तूच चालव. मले समोरचं धुकट दिसून राह्यलं."

प्रतिभा शाळेत शिक्षिका होती. त्या दिवसानंतर रामाजींनी माझ्या स्टेअरिंगला हात लावला नाही. परवान्याची मुदत संपली, तो त्यांनी पुन्हा काढलाही नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका सकाळी प्रतिभा त्यांना डोळे तपासायला आदिलाबादला नेत होती. अचानक कपाशीच्या पऱ्हाटीतून एक रोही, म्हणजे नीलगाय, रस्त्यावर आला. तिने मला वळवलं. माझी डावी बाजू बाभळीवर आदळली. त्याच बाजूला रामाजी होते.

प्रतिभा मोडलेला हात धरून बाहेर पडली आणि ओरडत रस्त्यावर धावली. मागून बैलगाडीत चंपतराव नावाचे शेतकरी येत होते. डावा दरवाजा त्यांना उघडेना. मग ते उजवीकडून आत शिरले आणि रामाजींना प्रतिभाच्या सीटवरून ओढून बाहेर काढलं. तोवर माणसं जमली. म्हातारा चालकाच्या बाजूने निघाला, एवढंच त्यांनी पाहिलं. रामाजी दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत.

गाडी आपण चालवत होतो असं लिहून प्रतिभाने विम्याचा दावा केला. विमा कंपनीचा माणूस आला, माझे फोटो काढून गेला. मग उत्तर आलं : गाडी रामाजी चालवत होते, त्यांच्याकडे परवाना नव्हता, मुलीने खोटी माहिती दिली. दावा नामंजूर.

प्रतिभाचा भाऊ हर्षदीप बेल्लमपल्लीहून आला होता. तो माझ्याजवळ उभा राहून म्हणाला, "ताई, जाऊ दे ना. गाडी भंगारात देऊन टाकू."

पंचफुलाबाईही त्याच्यासोबत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दे भंगारात. पण तुह्या बापानं परवाना नसताना गाडी चालवली अन् जीव घालवला, असं कागदावर राहू देऊ काय?"

प्रतिभा चंपतरावांना शोधून गॅरेजमध्ये घेऊन आली.

"काका, कंपनीच्या माणसाला तुम्ही काय सांगितलं?"

"इचारलं तेच. बुड्ढ्याला कोन्या बाजूनं काढलं, म्हने. मी म्हनलं, डायवर साइडनं. खरंच तर हाय, मॅडम."

"पण तिकडून काऊन काढलं?"

चंपतरावांनी माझा डावा दरवाजा धरून ओढला. तो हललाही नाही. त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढला.

"हे त्यानं इचारलंच नाही. अन् मीबी बोललो नाही."

प्रतिभाने ग्राहक आयोगात तक्रार केली. तिथे चंपतराव आले आणि सगळं बोलले. तिथे मी नव्हते. पुढचं हर्षदीप गोपालला सांगत होता, ते मी ऐकलं. कंपनीच्या वकिलाने प्रतिभाला विचारलं होतं, "गाडी तुम्हीच चालवत होता म्हणता. म्हणजे वडील तुमच्या हातून गेले?"

खोलीत पंचफुलाबाई बसल्या होत्या.

"हो," प्रतिभा म्हणाली. "गाडी माझ्या हातात होती. बाबा शेजारी बसले होते."

निकाल तिच्या बाजूने लागला. कंपनीला तो शेरा मागे घ्यावा लागला. परतताना बसमध्ये पंचफुलाबाई एवढंच म्हणाल्या, "लढ म्हनलं मीच. पण ते वाक्य माह्या कानानं ऐकायचं नव्हतं मले." आणि त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. मायलेकी अजून एका घरात राहतात, पण जेवताना कोणी बोलत नाही.

काल प्रतिभा आली होती. गोपाल म्हणाला, "मॅडम, आता दुरुस्त करून टाकू." तिने नकारार्थी मान हलवली. "मी बसनंच जाईन, दादा." तिने माझ्या चेपलेल्या पत्र्यावर तळहात ठेवला, आणि पाण्याच्या नळावर हात धुऊन निघून गेली.

मित्रांनो, यंत्राला बोलता येत नाही. त्या सकाळी काय झालं हे मला पक्कं माहीत होतं, पण मला कोण विचारणार? तुम्हाला तोंड आहे. कुणी विचारलं तर अर्ध्यावर थांबू नका. समोरच्याने न विचारलेलंही सांगा, कारण गेलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडायला परत येता येत नाही.

उद्या भंगारवाला येईल. माझा पत्रा वितळेल, त्याचं दुःख नाही. रामाजी माझ्या डाव्या सीटवर बसले होते. एवढं मात्र तुम्ही विसरू नका.