सात फोटो, आठ चौकटी

माझ्या मोठ्या कॅमेऱ्याच्या सुट्या फिल्म हल्ली मिळत नाहीत, म्हणून मी मागे रोलचा डबा लावतो. एका रोलवर आठ फोटो बसतात. काल मी सात काढले. आज आठवा घ्यायला गेलो, तर रोल संपलेला.

म्हणजे कुणीतरी हात मारला होता. स्टुडिओची दुसरी किल्ली मेहुण्याकडे असते. दिसेल त्या वस्तूला हात लावून "दाजी, हे काय?" विचारणारा माणूस. बायकोला म्हणालो, "तुझ्या भावाचे हात फार शिवशिवतात."

"आधी रोल धुऊन तर बघा," ती म्हणाली. "उगाच त्याच्या नावाने खडे फोडू नका."

मी आधी कुलूप बदललं, मग रोल धुतला.

माझे सातही फोटो नीट आले होते. पण पाचव्यानंतर एक चौकट साफ कोरी होती, आणि ती बघताच मी वरमलो. डब्यात फिल्मपुढे पातळ पत्रा सरकवलेला असतो. तो ओढून काढल्याशिवाय फिल्मला उजेड दिसत नाही. काल मेहुणा हट्टालाच पेटला होता, माझा एक फोटो काढाच म्हणून. याच्यावर फिल्म कशाला वाया घालवा, म्हणून मी पत्रा न ओढताच बटण दाबलं होतं. सवयीच्या हाताने रोल मात्र पुढे फिरवला होता.

बाहेर कुलपात किल्ली खडखडली.

"दाजी, किल्ली लागत नाहीये," मेहुणा दाराबाहेरून म्हणाला. "माझा फोटो धुतलात का? अजिबात हललो नव्हतो मी."