बाईंनी दिलेलं मौन

आईचं तेरावं झालं, पाहुणे परतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मल्हारीभाऊ दारात उभे राहिले. मखमलाबादला त्यांची शेवंतीची आणि गुलाबाची शेती. बरोबर बायको सगुणाबाई आणि दहावीतली मुलगी वैष्णवी. भाऊंनी आईच्या फोटोला हार घातला, हात जोडले आणि म्हणाले, "ताई, पोरीचं मौन सोडवायचं हाय."

मला काही कळलं नाही.

"बाईंनी दिवाळीनंतर दिलं. म्हणल्या, मी सोडवीन तवाच सोडायचं. मंग त्या दवाखान्यात गेल्या..." ते आईच्या फोटोकडे बघू लागले.

संक्रांत होऊन गेली होती. "म्हणजे दिवाळीपासून ही बोललीच नाही?"

"एक शब्द नाय," सगुणाबाई म्हणाली. "शेजारच्या बाया पाया पडाय येत्यात हिच्या. सासूबाई तर चहा बी आधी हिला देत्यात."

आई शाळेतून निवृत्त झाली त्या वर्षी पुण्याला जाऊन एक प्रशिक्षण घेऊन आली होती. पंचवटीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दर रविवारी ती आठवी ते दहावीच्या मुलांचा वर्ग घ्यायची. डोक्याची बुद्धी, मनाची बुद्धी आणि तिसरी आत्म्याची, असं ती शिकवायची. पालक मुलांना पाठवत ते बोर्डाच्या परीक्षेसाठी. एकाने विचारलंही होतं, "बाई, या तिसऱ्या बुद्धीनं भूमिती सुटती का?" आईने हसत मला हे फोनवर सांगितलं होतं. वर्गात तासभर मौन असे. शेवटी ती प्रत्येकाच्या ओंजळीत तुळशीचं पाणी घाली आणि मूल आपलं नाव उच्चारून मौन सोडी. ज्याने मौन दिलं त्यानेच ते सोडवायचं, आणि तोवर मौनातल्या माणसाला कोणी टोकायचं नाही, हा तिचा नियम. तो घराघरांत पाळला जाई.

मी वैष्णवीकडे पाहिलं. बसवलं तिथे ती बसली होती. वेणीचा गुंता झाला होता आणि तो वरूनच तेल लावून चापून बसवला होता. मनगटातली बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. शांत माणसाचं अंग सैल असतं. हिचे खांदे, कोणी मारील म्हणून उचलावेत तसे वर आलेले होते.

"जेवते का?"

"मौनात भूक कमी होती म्हनं," भाऊ म्हणाले.

मला आईच्या आसनावर बसवण्यात आलं. माझा त्या कशावरच विश्वास नव्हता, तरी मी बसले. मुलीचा विश्वास असला तर माझ्या हातूनही ती सुटेल, असं वाटलं. मी तिच्या ओंजळीत पाणी घातलं आणि आई जशा आवाजात म्हणत असेल तशा आवाजात म्हटलं, "वैष्णवी, तुझं मौन सुटलं. नाव सांग."

तिने ओठ उघडले. ते काही वेळ तसेच उघडे राहिले. पाणी बोटांमधून मांडीवर गळून गेलं. तिने ते पुसलं नाही.

"बोल की गं!" सगुणाबाईने तिचा दंड हलवला. "ताईंनी सोडवलंय ना!"

भाऊ उठले. त्यांचा चेहरा उलट उजळलेला होता. "ऱ्हाऊ द्या ताई. बाईंचा शब्द मोठा. तो असा दुसऱ्याच्या हातून सुटायचा नाय. वेळ आली की आपोआप सुटंल."

"भाऊ, हे मौन नाही. ही आजारी आहे. कॉलेज रोडला मनाच्या विकारांचे एक डॉक्टर आहेत. आजच जाऊ."

"येड्यांचा डाक्टर?" ते आवाज न चढवता म्हणाले. "बाईंना कळलं नसतं व्हय? तासन् तास हिचा हात धरून बसायच्या. आजारी असती तर बाईंनी मौन दिलं असतं? आन् मौन चालू असताना गोळ्या कशा द्यायच्या?"

मला त्या क्षणी एक सोपं खोटं सुचलं होतं. आईच म्हणाली होती, हिला डॉक्टरकडे न्या, असं सांगायचं. भाऊ मुकाट्याने आले असते. आईचं नावही राहिलं असतं. पण मौनही राहिलं असतं. चार दिवस गोळ्या देऊन त्यांनी त्या देवघरात ठेवल्या असत्या, आणि बाया पाया पडायला येतच राहिल्या असत्या. मौन खोटं ठरल्याशिवाय मुलगी आजारी ठरणार नव्हती. ते खोटं ठरवायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

"आईचं चुकलं," मी म्हटलं. "तिला ओळखता आलं नाही. हिची वाचा गेली होती, आणि तिने त्याला मौन म्हटलं."

भाऊंनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तेरावं झालं कालच. आन् लेक असं बोलती?"

उत्तर सगुणाबाईने दिलं. "दसऱ्यापासूनच बोलत नव्हती ती," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "मौन त्याच्या बी नंतर दिलं बाईंनी. तुम्ही मार्केटला असायचे. तुम्हाला कुठं ठाऊक?"

भाऊ पुन्हा खाली बसले. फुलं विकणाऱ्या माणसाचे हात रिकामे कधी दिसत नाहीत. त्या वेळी ते मांडीवर उताणे पडले होते.

दुपारी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. हे कधीपासून, त्यांनी विचारलं. भाऊंनी दसरा सांगितला. इतके दिवस का थांबलात, असं विचारल्यावर ते म्हणाले, "एक बाई व्हत्या. त्यांनी सांगितलं होतं."

सकाळपर्यंत त्या 'बाई' होत्या, आता 'एक बाई' झाल्या.

"त्या माझी आई," मी म्हटलं आणि मग मला थांबता आलं नाही. कदाचित तिला कळलं होतं, मी सांगू लागले. घरात मुकी, मुकी म्हणून मुलीला टोचत असतील, म्हणून तिने मौनाचं नाव देऊन तिला आडोसा केला असेल. स्वतः बरी होऊन आल्यावर काही करणार असेल. ती बेजबाबदार नव्हती...

"ते आपण नंतर बोलू," डॉक्टर सौम्यपणे म्हणाले. "आत्ता मला हिच्याजवळ बसू द्या."

आम्हाला बाहेर पाठवण्यात आलं. बाकावर सगुणाबाई माझ्या शेजारी बसली. भाऊ जिन्यापाशी पाठ करून उभे राहिले.

"बाईंनी मौन दिलं ना, तवा मला बरंच वाटलं होतं ताई," ती हळूच म्हणाली. "घरातलं टोचून बोलणं बंद झालं. मी बी मग विचारलं नाय हिला काही. मौनातल्याला विचारायचं नसतं."

मी तिचा हात धरला नाही. धरायला हवा होता, पण आईसुद्धा असाच हात धरून बसायची, हे मनात आलं.

आतून डॉक्टरांचा आवाज अधूनमधून येत होता. ते काहीतरी विचारत आणि मग बराच वेळ काहीच ऐकू येत नसे. दर वेळी आम्ही दोघी श्वास रोखून धरत होतो. मग डॉक्टर पुन्हा विचारत.