जांभळीखालचं बीळ

बिळाची जागा राजकन्यानं स्वतःच सांगितली होती. पंचायतीची मेंबर म्हणून ती ग्रामसभेत उभी राहिली आणि माईकवर नीट, खुणेसकट बोलली: ओढ्याच्या वरच्या अंगाला, वाकड्या जांभळीच्या मुळाखाली लांडगीण व्यालीय, पिल्लं हिंडती होईपर्यंत तिकडं कुणी फिरकू नका. माळ राखीव ठेवायचा ठराव त्याच दिवशी हात वर करून झाला. सरपंच अण्णारावांचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गावाची पारध निघते. जाळी, कुत्री, काठ्या घेऊन घरटी एक माणूस माळावर जातो आणि दिवसभर सशामागं धावतो. यंदा कुणाला धावावं लागलं नाही. जागा ठाऊक होती.

माळावर धूर दिसला तेव्हा राजकन्या शेतात होती. ती पळत सुटली. पोचली तेव्हा बिळाच्या तोंडात लिंबाचा ओला पाला धुमसत होता आणि त्यावर बाभळीचे काटेरी फाटे कोंबलेले होते. साळिंदर मारायची ही जुनी रीत. जाळ करायचा नाही, नुसता धूर आत सोडायचा. आत जे असेल ते गुदमरतं. एक पिल्लू आधीच निसटू पाहत बाहेर आलं होतं. त्याचं डोकं ठेचलेलं होतं आणि कुत्री पोटाला लागली होती. समोरच्या उतारावर लांडगीण येरझाऱ्या घालत होती. दगड आला की मागं सरायची, पुन्हा यायची.

बिळातून बारीक आवाज येत होते.

काठीनं फाटे दाबून धरणारा माणूस तिचा दीर होता, भुजंग.

"काढ ते," राजकन्या म्हणाली.

"मेंबरीणबाई आल्या. उठून उभे ऱ्हावा रे," मागून कुणीतरी बोललं. हशा झाला.

"वैनी, माझी करडं नेली हिनं," भुजंग म्हणाला. "तुमचा ठराव पंचायतीत ठेवा. हितं पारध हाय."

"आत जीव हायत, भुजंग."

"म्हणूनच तर धुरी देतोय."

ती अण्णारावांकडं वळली. "अण्णा, हात तुम्हीबी वर केला होता."

"केला की. माळ राखायला केला. पारध बंद कराया कवा केला?"

राजकन्यानं फाटा धरून ओढला. भुजंगनं कोपरानं तिला ढकललं. तिनं पुन्हा धरला, तेव्हा काठी तिच्या डाव्या हातावर बसली. वाळकी तुराटी मोडावी तसा हाडाचा आवाज झाला. ती गुडघ्यांवर आली.

हशा थांबला.

"थोरल्या भावजयीवर हात उचलतो व्हय रं?" अण्णाराव हळूच म्हणाले, आणि पहिली काठी त्यांनीच घातली. मग सगळेच तुटून पडले. लांडग्यासाठी आणलेल्या काठ्या भुजंगच्या पाठीवर, नडग्यांवर, तोंडावर पडायला लागल्या. बिळाकडं आता कुणाचं लक्ष नव्हतं.

राजकन्या उजव्या हातानं फाटे उपसत होती.

"वैनी," भुजंगनं हाक मारली.

ती लग्न होऊन आली तेव्हा तो चौथीत होता. ताप आला की तिच्याच मांडीवर निजायचा. तिला हाक नीट ऐकू आली. तिनं फाटा बाजूला टाकला आणि दुसरा धरला.

"वैनी, सांगा त्यांना."

धुमसता पाला तिनं तळव्यानंच बाहेर ओढला. कातडी सोलून निघाली. मागं काठ्यांचा आवाज बदलला होता, आधी कोरडा यायचा, आता ओला येत होता. हाका थांबल्या.

तिनं खांद्यापर्यंत हात आत घातला. पहिलं पिल्लू निघालं ते निर्जीव. दुसरं मानेला धरून ओढलं. ते लोंबकळलं, मग शिंकलं. ते तिनं पदरात गुंडाळलं आणि ती मागं वळली.

"पुरे." ती ओरडली नाही.

ते लगेच थांबले. पहिल्याच हाकेला सांगितलं असतं तरी थांबले असते.

भुजंग उताणा पडला होता. जबडा एका बाजूला सरकला होता, उजवा डोळा राहिला नव्हता. डाव्या डोळ्यानं तो तिच्या पदरातल्या हालचालीकडं बघत होता.