घंटेकडची खोली

सेराफिना मिरांडाने एकतीस वर्षं रेल्वेच्या रिझर्व्हेशनच्या खिडकीत बसून लोकांना लांबलांब पाठवलं होतं, आणि स्वतः ती मुंबईतल्या वाकोल्याच्या गावठाणातून वेळंकणीच्या जत्रेपलीकडे कधी गेली नव्हती. त्यामुळे सहासष्टाव्या वर्षी तिने हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावाचा बेत आखायला घेतला, तेव्हा घरच्यांना वाटलं की म्हातारी चार दिवस खेळेल आणि विसरून जाईल. घरच्यांनी खिडकीतली सेराफिना पाहिलीच नव्हती. मे महिन्यात कोकणच्या गाडीत ज्या बाईने लोकांना लोअर बर्थ मिळवून दिले, तिला डेल्फ्टातल्या एका खोलीचं काय कौतुक!

डेल्फ्टच का, तर तिथल्या बाजारचौकात एक जुनं उंच चर्च आहे आणि त्याच्या मनोऱ्यात सुरात लावलेल्या घंटांची अख्खी रांग आहे. वर एक माणूस लाकडी दांड्यांपुढे बसतो, मुठींनी आणि पायांनी त्या दांड्या दाबतो, आणि खाली सबंध गावाला गाणं ऐकू येतं. सेराफिनाने हे मोबाइलवर पाहिलं आणि नवऱ्याला दाखवायला धावली. बेनेडिक्टने पडदा बघितला आणि एवढंच म्हणाला, "एका माणसाला येवढ्या घंटा!" हे तो ज्या आवाजात म्हणाला तो तिने आधी एकदाच ऐकला होता, रसेल जन्मला तेव्हा.

बेनेडिक्टकडे एकच घंटा होती. औषधांच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून एकेचाळीस वर्षं त्याने गावठाणातल्या चर्चची घंटा वाजवली, सकाळ-संध्याकाळ, एक पैसा न घेता. गावात कोणी गेलं की बाईसाठी वेगळे ठोके, पुरुषासाठी वेगळे. ते मोजून लोक घरबसल्या ओळखायचे. मग त्याचे कान जायला लागले. तो मान्य करायचा नाही, आणि गावही सांभाळून घ्यायचं. दोन वर्षांपूर्वी एका मयताला शवपेटी आत आली, फादर पुढे उभे राहिले, लोक बसले, तरी बेनेडिक्टची घंटा चालूच. खालून हाका मारल्या, त्याला ऐकू गेल्या नाहीत. शेवटी कोणीतरी वर चढून त्याचा हात धरला. त्या दिवशी त्याने दोरी सोडली ती सोडलीच. आता तिथे घंटेला विजेचं बटण आहे.

डॉक्टरांनी सेराफिनाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की डावा कान गेला, उजव्यात थोडं शिल्लक आहे, ते वर्षभर टिकलं तर नशीब. मशीन लावून बघितलं, पण बेनेडिक्ट म्हणायचा की त्यातून सगळं जग पत्र्याच्या डब्यात बोलतं. तेव्हा सेराफिनाने मनाशी ठरवलं, की उजव्या कानातलं ते थोडं संपायच्या आत ह्या माणसाला त्या मनोऱ्याखाली नेऊन उभा करायचा. तिला दुसरं काही नको होतं.

ती कामाला लागली ती खिडकीतल्यासारखीच, चष्मा नाकावर आणि पेन्सिल केसांत. पहिल्या दिवशी कालव्याकाठी फिरायचं. गुरुवारी चौकात बाजार भरतो, तो बघायचा. निळ्या नक्षीची चिनी मातीची भांडी नुसती बघायची, घ्यायची नाहीत, कारण बॅगेत फुटणार. दुसऱ्या एका जुन्या चर्चचा मनोरा चक्क कलला आहे, त्याच्याखाली फार वेळ उभं राहायचं नाही. त्या कललेल्या मनोऱ्यात सगळ्यांत मोठी घंटा आहे आणि ती क्वचितच वाजते, म्हणजे राजघराण्यातलं कोणी गेलं की, असं तिने वाचून दाखवलं, तर बेनेडिक्ट म्हणाला, "मग आपण काय, कोण मरतो त्याची वाट बघत बसायची?" बाजारचौकातल्या मनोऱ्याला तीनशे शहात्तर पायऱ्या होत्या. त्यापुढे तिने आधी 'चढणे' लिहिलं, मग स्वतःचे गुडघे चाचपले आणि 'फक्त बेनेडिक्ट' अशी दुरुस्ती केली.

हॉटेल निवडायची तिची रीत मात्र जगावेगळी होती. लोक चांगले शेरे वाचतात, ही वाईट शेरे शोधायची. स्वच्छता नाही, नाश्ता गार, अशा तक्रारींचं तिला सोयरसुतक नव्हतं. चौथ्या दिवशी हवं ते सापडलं. चौकातल्या एका लहानशा हॉटेलबद्दल कोणीतरी चिडून लिहिलं होतं की दर पंधरा मिनिटांनी घंटा वाजते, पुढच्या खोल्यांत डोळा लागत नाही, मनोरा उशाशी असल्यासारखा वाटतो. सेराफिनाने टाळीच वाजवली. ह्या भल्या माणसाने एक तारा दिला होता, तिने मनातल्या मनात त्याला पाच दिले.

रविवारी रसेल आला. हा त्यांचा एकुलता मुलगा, मुलुंडला सोसायटीत राहणारा, आईवडिलांची काळजी करणारा आणि ती करताना त्यांना न विचारणारा. आल्या आल्या त्याने मोबाइल पुढे धरला.

"मम्मा, तुझं काम करून टाकलं. स्टेशनजवळ मस्त हॉटेल आहे. लिफ्ट आहे, डबल काचेच्या खिडक्या आहेत. एकदम शांत."

"शांत? येवढ्या लांब शांततेसाठी जाऊ? शांतता तुझ्या डॅडींना इथं फुकट मिळते."

"तुझ्या हॉटेलला लिफ्ट नाय. खोली तिसऱ्या माळ्यावर. जिना बघितलास का, शिडी आहे शिडी!"

"अप्पर बर्थ आहे म्हणायचं, काय झालं? तू ते रद्द कर."

"मम्मा, ऐक ना यार. डॅडींना ऐकू येत नाय. घंटेखाली झोपले काय नि स्टेशनवर झोपले काय, सेमच."

बेनेडिक्ट समोरच बसला होता. हल्ली तो कानापेक्षा डोळ्यांनी जास्त ऐकायचा, ओठ बघून. त्याने मान फिरवून भिंतीकडे पाहिलं. सेराफिनाला मुलाचा असा राग आला की तिने त्याच्यासमोरची गोड तळलेल्या फुग्यांची बशी उचलून आत नेऊन ठेवली. मग पाच मिनिटांनी परत आणली, कारण मुलगा तो मुलगाच.

त्याच संध्याकाळी तिने त्या चौकातल्या हॉटेलला स्वतःच्या इंग्रजीत पत्र पाठवलं. तिचं इंग्रजी रेल्वेच्या फॉर्मचं होतं, तुटक आणि रोखठोक. माझा नवरा एकेचाळीस वर्षं बेलमॅन होता. आता रिटायर आहे. आम्हाला पुढची खोली हवी. सही, सेराफिना मिरांडा.

दोन दिवसांनी उत्तर आलं. मालकीणबाईंनी मोठ्या प्रेमाने लिहिलं होतं: तुमच्या मिस्टरांसारखा आपल्याच धंद्यातला ज्येष्ठ माणूस आमच्याकडे येतोय, हा आमचा मान आहे. एकेचाळीस वर्षं म्हणजे काय थोडी झाली! त्यांना आम्ही कशालाही हात लावू देणार नाही. पुढच्या खोल्यांत घंटांचा फार त्रास होतो, म्हणून त्यांना विश्रांती मिळावी यासाठी मागची, बागेकडची, अगदी शांत खोली राखून ठेवली आहे.

सेराफिना चक्रावली. आपल्याच धंद्यातला? तिकडे हॉटेलवाल्या बायाही चर्चची घंटा वाजवतात की काय? तिने रसेलला फोन लावला आणि पत्र वाचून दाखवलं. पलीकडे तो असा हसत सुटला की तिने फोन कानापासून लांब धरला.

"मम्मा! बेलमॅन म्हणजे हॉटेलात बॅगा उचलतो तो माणूस! तू डॅडींना हमाल करून टाकलंस!"

सेराफिनाही हसली. हसू आवरेना तेव्हा डोळ्यांना पदर लावला. बेनेडिक्टने विचारलं, काय झालं गो, तेव्हा तिने त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. तो हसला नाही.

"बरोबर लिवलंय तिनं," तो म्हणाला. "मी तिकडं बॅगाच उचलायला येणार. दुसरं काय काम माझं? मला नाय यायचं, सेराफिन."

"असं काय करतोस? येवढं सगळं ठरवलं मी!"

"तू ठरवलंस. मला इचारलंस?" त्याने हात गुडघ्यांवर ठेवले. दोरीने घट्टे पडलेले ते हात अजून तसेच होते. "इथं आपल्या घंटेजवळ मी दोन वर्षं गेलो नाय. का, म्हाईत आहे? गेलो नाय म्हणून मला वाटतं, गेलो तर येईल ऐकू. तिकडं मी चौकात उभा राहणार. लोक वर बघणार, हसणार, पोरं नाचणार. नि मला काय नाय आलं तर? मग माझ्याकडं काय राहिलं? मला भीती वाटते गो."

एकतीस वर्षांत सेराफिनाने खिडकीतून एकाही माणसाला 'माहीत नाही' म्हणून परत पाठवलं नव्हतं. नवऱ्यापुढे मात्र तिने केसांतली पेन्सिल काढून ठेवली. आपण जिथे जायची तयारी करतोय तिथे ह्याला काय सापडेल याचाच आपण विचार केला नाही, हे तिला लागलं, फार लागलं.

पण हातपाय गाळून बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर तिने थेट हॉटेलात फोन लावला. बेलमॅन म्हणजे चर्चच्या घंटेचा माणूस, बॅगांचा नव्हे, हे तिने मालकीणबाईंना दोनदा सांगितलं. तिकडून ओशाळलेलं हसू आलं. बाई म्हणाल्या, फोन ठेवू नका. इथे आता बारा वाजतायत आणि आज वाजवणारा वर चढलाय. मी पुढच्या खोलीत जाते आणि खिडकी उघडते.

वाकोल्यात साडेतीन वाजले होते. बेनेडिक्ट व्हरांड्यात सुकटीतला कचरा निवडत बसला होता. सेराफिना आली, त्याला काही न सांगता फोन त्याच्या उजव्या कानाला लावला आणि आपल्या हाताने दाबून धरला. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याच्या लगेच लक्षात आलं. त्याने डोळे मिटले. सुकट हातातच राहिली. सेराफिना त्याच्या कपाळाकडे बघत होती. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. कपाळावरची एक रेघ हलली नाही.

त्याने डोळे उघडले आणि हळूच फोन कानापासून काढला. "काय नाय," तो म्हणाला. "किरकिर आहे थोडी. घंटा नाय." आणि त्याने फोन तिच्या हातात दिला.

बाईंना धन्यवाद म्हणून फोन ठेवून द्यावा, एवढ्याचसाठी सेराफिनाने तो कानाला लावला, आणि बोलायचंच विसरली. कुठल्या कुठे, समुद्रापलीकडे, उघड्या खिडकीतून ते येत होतं. बारीक घंटा पाण्यासारख्या धावत होत्या, मध्येच एक मोठी घंटा त्यांना थांबवायची आणि त्या पुन्हा सुटायच्या. मागे कोणाच्या तरी सायकलची टिंगटिंग होती. एकच माणूस मुठींनी हे करतोय यावर तिचा विश्वास बसेना. ती तशीच व्हरांड्याच्या पायरीवर बसली. बाहेरून एक रिक्षा भोंगा वाजवत गेली, तिने हाताने दुसरा कान झाकला. रडू आलं कधी हे तिला कळलं नाही, आणि हसू आलं तेही. शेवटचा ठोका विरत विरत गेला तरी ती फोन धरूनच होती.

मग तिने वर पाहिलं. बेनेडिक्ट सुकट खाली ठेवून तिच्याकडे टक लावून बघत होता.

"संपलं?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली. त्याला ऐकू न येणारं आपण एकटीने खाल्ल्यासारखं तिला वाटलं. "सॉरी रे," ती त्याच्या कानाशी म्हणाली.

"सॉरी कसलं? येक सांग. येकेचाळीस वर्सं मी वाजवली. येकदा तरी अशी बसून ऐकलीस काय?"

सेराफिनाने खोटं बोलायचा विचार केला आणि सोडून दिला. "सकाळी डबे असायचे. संध्याकाळी कुकर. रसेलचा अभ्यास असायचा. घंटा झाली म्हणजे मासे तळायला टाकायचे, येवढंच मला कळायचं."

"तेच बोलतोय मी." बेनेडिक्ट हसायला लागला, कितीतरी दिवसांनी, पोटापासून. "मी वर दोरीला लटकलेला. खाली कोण कसं ऐकतो, मला कधी दिसलंच नाय. आता दिसलं. तुझं तोंड बघायला पायजे होतं, सेराफिन. पोरीसारखं झालं होतं, आ वासून." त्याने तिच्या गालावरचं पाणी सुकटीच्या हातानेच पुसलं आणि तिने पुसू दिलं. "चल, जाऊ आपण. तू ऐक, मी बघतो."

संध्याकाळी तिने हॉटेलला पत्र लिहिलं. मागची खोली नको, पुढची पक्की करा, जिन्याची काळजी करू नका. मग व्हिसाची तारीख घ्यायला रसेलला फोन केला आणि दुपारची हकिकत सांगितली.

"म्हणजे डॅडींना काहीच ऐकू नाही आलं?"

"नाय."

"मग मम्मा, ती घंटेकडची खोली कोणासाठी?"

"माझ्यासाठी," सेराफिना म्हणाली.