वर्षालीच्या नावाचा बदल

“शून्य! एवढा मोठा स्कॅन आणि जागा शून्य?” केदारने वर्षालीच्या स्क्रीनवर बोट ठेवलं.

नौपाड्यातली त्यांची कंपनी कल्याणच्या एका तपासणी केंद्राचं काम बघायची. तिथले स्कॅन ठाण्यातल्या सर्व्हरवर साठत. पण केंद्रातल्या कॉम्प्युटरना ते आपल्याच फोल्डरमधले वाटत. नव्या फाइलची लांबी बरोबर दिसे; तिने डिस्कवर व्यापलेली जागा मात्र फाइल उघडतानाचीच, शून्य. संध्याकाळी साफसफाईचा प्रोग्राम चालणार होता. जागा शून्य, म्हणजे फाइल रिकामी, असं समजून तो ती पुसून टाकणार होता.

“लांबीवरूनच मोज ना जागा,” केदार म्हणाला. “पटकन होईल.”

“सर, पण फाइलमध्ये मध्येमध्ये काही लिहिलेलंच नसतं. ती जागा सर्व्हर देतच नाही. मग आपला आकडा जास्त येणार.”

“शून्य तर दिसणार नाही!”

“खरा पण नाही दिसणार.”

“मग काय, सारखं सर्व्हरला विचारत बसणार? सगळं स्लो होईल, बाई.”

“सारखं नाही. लिहिताना अंदाज धरायचा, फाइल बंद झाली की खरा आकडा एकदा मागवायचा.”

केदारने खुर्ची ओढली. दुपारी वर्षालीने प्रोग्राममध्ये तसा बदल केल्यावर त्याने मुद्दाम मधे पोकळी सोडलेली फाइल लिहिली आणि बंद केली. सर्व्हरवर आणि कॉम्प्युटरवर, दोन्हीकडे जागेचा आकडा तोच आला. त्याने पुन्हा करून पाहिलं. तोच.

वर्षाली नवीन होती. तिचे बदल आजवर केदारच्या नावाने जात.

“हा तुझ्या नावाने पाठव,” तो उठत म्हणाला. “कोणी विचारलं तर उत्तर पण तूच द्यायचं.”

साफसफाई सुरू होण्याआधी बदल कल्याणला पोचला. एकही स्कॅन पुसला गेला नाही.

संध्याकाळी वर्षाली मासळी बाजारात आईच्या पाटाजवळ जाऊन उभी राहिली.

“काय गो, आज लय खुशीत?” आवडाबाईने विचारलं.

“आये, ही टोपली बाहेरून भरलेली दिसते. आत म्हावरं किती, बर्फ किती, कळतं का?”

“बर्फ सारल्याबिगर कसा कलंल?”

“मी आज मशीनला तेच करायला लावलं. माझ्या नावाने.”

तेवढ्यात एक बाई टोपलीत डोकावली. “मावशी, बर्फच दिसतोय नुसता.”

आवडाबाईने दोन्ही हातांनी बर्फ बाजूला सारला. एकेक पापलेट उचलून पाटावर मांडलं, पार टोपलीचा तळ दिसेपर्यंत.

“बघून घ्या, ताई. आमच्या घरात कोन खोटा दावत नाय.”

बोलताना ती गिऱ्हाइकाकडे बघतच नव्हती. लाल झालेले गार हात पदराला पुसत ती वर्षालीकडे बघत होती.